गालातली फुंकर

आमच्या ह्यांना तब्येत कशी आहे असं कुणीही विचारलं की उत्तर एकच, "मस्त." अंगात ताप असो, भट्टीवर हात पोळलेला असो, नाहीतर पायात काच घुसलेली असो, हे आपले "मस्त". म्हणून पहिल्याच भेटीत मी डॉक्टरीणबाईला सांगून टाकलं, "ह्यांना काही विचारू नका. विचारायचं ते मला विचारा."

डॉक्टरीणबाई म्हणजे आमच्या लेकीच्या वयाची पोर. छोटीशी खोली, एक टेबल, भिंतीवर पोटाचं रंगीत चित्र. खोटं कशाला बोलू, तिला बघून माझं मन खट्टूच झालं. मोठमोठ्यांनी हात टेकले तिथे ही काय दिवे लावणार, असं वाटलं. पण तिने खुर्ची माझ्याकडे वळवली आणि म्हणाली, "मग काकू, तुम्हीच सांगा. अगदी पहिल्यापासून." मला बोल म्हणायचा अवकाश! मी सगळं सांगितलं, तेच इथेही सांगते.

हे काच फुंकतात. घराच्या मागच्या अंगाला आमची भट्टी आहे. लोखंडी फुंकणीच्या एका टोकावर वितळलेल्या काचेचा गोळा घ्यायचा, दुसरं टोक तोंडात धरायचं आणि फुंकत फुंकत, फिरवत फिरवत त्याची बरणी करायची, सुरई करायची, दिव्याची काच करायची. धाकटे दीर, म्हणजे भाऊजी, जोडीला असतात. घासकाम, बांधणी आणि गिऱ्हाइकांची कटकट माझ्याकडे. आमच्या भट्टीचा सासऱ्यांपासून चालत आलेला एक नियम आहे. वाकडं दिसलं की त्याच दिवशी परत भट्टीत. वाकडी वस्तू ह्या दारातून बाहेर जायची नाही, मग गिऱ्हाईक कितीही पाया पडो.

ह्यांचं पोट दुखायला लागलं तेव्हा मला कळलंच नाही, कारण हे "मस्त" होते. रिकाम्या पोटी जळायचं म्हणे, काही खाल्लं की थांबायचं. म्हणून हे येता-जाता पेलाभर दूध प्यायचे. मला वाटलं, भट्टीपुढे घसा सुकतो, घेतात बिचारे. आणि एक दिवस भर दुपारी, फुंकणी हातात असतानाच, ह्यांना उलटी झाली. कॉफीच्या चोथ्यासारखी काळी. फुंकणी खाली पडली, काच जमिनीवर सांडली आणि हे तिच्या शेजारीच कोसळले. भाऊजींनी ओढून बाजूला घेतलं नसतं तर पुढचं बोलवत नाही.

इस्पितळात पोटात दुर्बीण घातली. पोटाच्या आत जखम होती आणि ती वाहत होती. डॉक्टर म्हणाले, जखम करणारा एक जंतू आहे, तो पोटातल्या आम्लात सुखाने राहतो. तो गेला की जखम भरेल. भाऊजींनी त्याचं तिथल्या तिथे बारसं केलं, "पाहुणा!" आम्हाला वाटलं, पाहुणाच तर आहे, जाईल. एक दिवस पाहुणा, दुसऱ्या दिवशी पै, तिसऱ्या दिवशी राही त्याची अक्कल जाई, असं म्हणतात ना. ह्या पाहुण्याला अक्कल नव्हतीच.

दोन आठवडे गोळ्या झाल्या. तपासलं, पाहुणा जागेवर. मग दुसऱ्या गोळ्या दिल्या, आणखी कडक. तोंड आलं, पोट बिघडलं, पण ह्यांनी एक गोळी चुकवली नाही. त्यानंतरची तपासणी फुंकायची होती. आधी एका पिशवीत फुंकायचं, मग पाण्यातलं औषध प्यायचं, अर्ध्या तासाने दुसऱ्या पिशवीत फुंकायचं. फुंकायचं म्हटल्यावर आमचे हे काय, पाण्यात पडलेला मासाच! पिशवी अशी गोल, सावकाश, तट्ट फुगवली की तिथल्या मुलीने टाळ्या वाजवल्या. "असं कुणीच फुंकत नाही हो," म्हणाली. मी तर नुसती मिरवत होते. आणि तपासणीत आलं, जंतू गेला.

माझा जीव भांड्यात पडला. घरात गोडाधोडाचं झालं, भाऊजी दोन्ही वेळा जेवायला आले. पण तीन महिने गेले असतील नसतील, तोच हे सकाळी न्हाणीघरातून बाहेर आले ते भिंत धरून. चेहरा पांढराफटक. मी विचारलं तर म्हणाले, "मस्त." आणि तिथेच खाली बसले. जखम परत फुटली होती. दोन बाटल्या रक्त चढवावं लागलं. त्यानंतर आम्हाला ह्या डॉक्टरीणबाईकडे पाठवलं, कारण असले हटवादी जंतू हाच तिचा विषय होता.

हे सगळं तिने मला मध्येच न थांबवता ऐकून घेतलं. डॉक्टर माणसाने इतका वेळ कुणाचं ऐकलेलं मी तरी बघितलं नव्हतं.

तिने पुन्हा दुर्बीण घातली, पोटातले कणभर तुकडे काढले, आणि त्यातला जंतू प्रयोगशाळेत वाढवून त्याच्यावर एकेक औषध टाकून बघितलं. पुढच्या भेटीत म्हणाली, "काकू, जंतू गेलेलाच नाही. आधी दिलेल्या औषधांतली दोन तर त्याला लागूच पडत नाहीत. काकांनी ह्यातलं एखादं पूर्वी बऱ्याचदा घेतलंय का?"

ह्यांनी माझ्याकडे बघितलं. मी आठवून सांगितलं. भट्टीच्या धगीतून गार वाऱ्यात जायचं, त्यामुळे दर थंडीत ह्यांना खोकला. आणि दर थंडीत तीच एक गोळी, आणली की घेतली.

"बघा," ती म्हणाली, "त्या गोळीला हा जंतू सरावलाय. तुम्हा आयांच्या ओरडण्याला पोरं सरावतात ना, तसं."

मला हसू आलं, पण ती लगेच गंभीर झाली. म्हणाली, "मी लपवून ठेवणार नाही. जखम दोनदा फुटलीय. जंतू राहिला तर तिसऱ्यांदाही फुटू शकते, आणि दरवेळी इस्पितळ वेळेवर गाठता येईलच असं नाही. ह्या वेळी त्याला काढायचाच." ह्यांच्याशिवाय घर कसं दिसेल, ते एका क्षणात माझ्या डोळ्यांसमोरून गेलं आणि मी पदराचं टोक घट्ट धरून बसले.

"पण एक गोष्ट मला सुटत नाही," ती पुढे म्हणाली. "तो पोटात होता, तर फुंकायच्या तपासणीत सापडला कसा नाही?" तिने कपाटातून एक रिकामी पिशवी काढली आणि ह्यांच्या हातात दिली. "काका, मागच्या वेळी फुंकलं होतं ना, अगदी तसंच फुंकून दाखवा."

हे एकदम खुशीत! ताठ बसले, गाल चेंडूसारखे फुगले, आणि पिशवी सावकाश तट्ट भरली. मी आपली टाळ्यांची वाट बघते आहे. डॉक्टरीणबाई उठली, ह्यांच्या छातीवर तिने तळहात ठेवला आणि म्हणाली, "पुन्हा."

ह्यांनी पुन्हा फुंकलं.

"काका, तुमची छाती हललीच नाही."

"हलवायचीच नसते," हे म्हणाले. इतक्या दिवसांत आपणहून बोललेलं हे त्यांचं पहिलंच वाक्य असेल. "वडील असाच छातीवर हात ठेवून शिकवायचे. छाती हलली की पाठीत धपाटा. छातीचा वारा दांडगा, काच वाकडी होते, नाहीतर फुटते. नाकाने हवा घ्यायची, गालात धरायची आणि गालातूनच मोजून सोडायची. आता तर फुंकायला काहीही दिलं तरी गालच पुढे येतात."

ती क्षणभर ह्यांच्याकडे बघत राहिली आणि मग खो खो हसत सुटली. हसता हसता खुर्चीत बसली, डोळे पुसले आणि समजावून सांगितलं. जंतू असला की तो त्या औषधाचे तुकडे करतो, त्यातला वायू रक्तातून छातीत येतो आणि श्वासातून बाहेर पडतो. म्हणजे जंतूची खूण खोल श्वासात. आणि ह्यांनी नाकाने खोलीतली हवा घेतली आणि गालातून पिशवीत घातली. "ती तपासणी तुमची झालीच नाही काका. खोलीची झाली. खोलीला काही जंतू नव्हता."

राग कुणावर काढावा तेच मला कळेना. टाळ्या वाजवणाऱ्या त्या मुलीवर काढावा, तर तिने तरी असला फुंकणारा कधी बघितला होता? ह्यांच्यावर काढावा, तर त्यांनी आयुष्यभर जे चोख केलं तेच त्यांना नडलं होतं. शेवटी घरी जाताना रिक्षावाल्यावर निघाला. त्याने दुसरा रस्ता घेतला होता, एवढंच निमित्त.

मग तिसरी फेरी सुरू झाली. ह्या वेळी चार औषधं, दिवसातून चार वेळा. निघताना तिने सगळं आधीच सांगून ठेवलं. जीभ काळी पडेल, घाबरायचं नाही. शौचाला काळं होईल, ते एका औषधाने. पण चक्कर आली किंवा उलटीत काळं दिसलं तर थेट इस्पितळ. तोंडाला लोखंडाची चव येईल. आणि दूध बंद, कारण त्यातल्या एका गोळीला दूध धरून ठेवतं, ती कामच करत नाही.

दूध बंद म्हटल्यावर ह्यांचा चेहरा असा झाला, जसा काही भट्टीच विझवायला सांगितली. आणि आमचे भाऊजी एक नंबरचे आगाऊ. भट्टीवर ह्यांच्यासमोर पेला वर धरून म्हणायचे, "दादा, तुझ्या वाटणीचं मी पितो, काळजी करू नकोस." एकदा मी तो पेला त्यांच्या हातातून काढून घेतला आणि मांजराला दिला. "वहिनी, मांजर माझ्यापेक्षा जवळचं झालं का?" म्हणाले. "ते बोलत नाही," मी म्हटलं. दोघे भाऊ अधूनमधून एकाच फुंकणीला तोंड लावतात, म्हणून डॉक्टरीणबाईने त्यांनाही तपासायला बोलावलं होतं. त्यांच्या पोटात काही निघालं नाही. त्याचा त्यांनी असा तोरा मिरवला, जशी काही परीक्षाच पास झाले.

पहिला आठवडा कसाबसा गेला. दुसऱ्याच्या सुरुवातीला हे गोळ्या बघूनच तोंड फिरवायला लागले. सारखी मळमळ, अन्नावरची वासना उडालेली, तोंडात खिळा ठेवल्यासारखी चव. एका सकाळी गोळ्या पुढे केल्या तर म्हणाले, "नको." मी म्हटलं, "नको म्हणजे?" तर म्हणाले, "दोनदा घेतल्या, काय झालं? तिसऱ्यांदा काय होणार आहे? मला सुखाने जेवू तरी दे." असं म्हणून ताट सरकवलं.

मी आधी ओरडले. मग रडले. मग परत ओरडले. हे भिंतीकडे बघत बसले. तेव्हा मी सरळ डॉक्टरीणबाईला फोन लावला. वाटलं, आता ही ह्यांना चांगलं फैलावर घेईल. तिने फोन ह्यांना द्यायला सांगितला. मी कान लावून ऐकत होते. ती म्हणाली, "काका, तुम्ही वैतागलात ते बरोबर आहे. मी असते तर केव्हाच फेकून दिल्या असत्या. चिडायचं असेल तर माझ्यावर चिडा, रोज फोन करून चिडा. पण गोळी घ्या. अर्ध्यात सोडलं तर तो ह्याही औषधाला सरावेल, आणि मग माझ्या हातात फार काही उरणार नाही." मग मळमळीसाठी एक साधी गोळी सांगितली आणि पोट रिकामं ठेवून काही घेऊ नका म्हणाली.

ह्यांनी ताट परत ओढलं. पुढे रोज सकाळी हे खरंच तिला फोन लावायचे. म्हणायचे, "चिडलोय." ती म्हणायची, "घेतली का?" हे म्हणायचे, "घेतली." फोन बंद. इस्पितळात रोज एवढी माणसं दारात उभी असताना ती पोर एकदाही फोन उचलायची चुकली नाही. ते आठवलं की आजही माझे डोळे भरून येतात.

गोळ्या संपल्या, पण लगेच तपासता येत नाही. महिनाभर थांबायचं, आणि शेवटचे दोन आठवडे तर पोटातलं आम्ल कमी करायची गोळीसुद्धा बंद, नाहीतर तपासणी पुन्हा फसवते. ते दोन आठवडे मी कसे काढले ते माझं मला माहीत. हे खोकले तरी मी धावायचे, न्हाणीघरात वेळ लागला तर दार वाजवायचे. "अगं, जरा सुखाने बसू दे," आतून आवाज यायचा. तो आवाज ऐकून बरं वाटायचं.

दरम्यान घरी शिकवणी सुरू झाली. ह्यांना छातीतून फुंकायला शिकवायचं! पोटावर उशी ठेवून हे पलंगावर आडवे, भाऊजी डोक्याशी उभे. "दादा, उशी वर गेली पाहिजे." हे फुंकायचे. उशी ढिम्म, गाल चेंडू. "अरे, गाल सोड!" भाऊजी गाल धरून ठेवायचे. एवढ्या वर्षांची सवय, ती काय सांगून जाते? शेवटी मी भाऊजींना हाकललं, ह्यांच्या छातीवर माझा हात ठेवला आणि म्हटलं, "मला ढकला." हे माझ्याकडे बघत राहिले आणि त्यांनी श्वास सोडला. हात हलला. तेव्हा कुठे जमलं.

तपासणीच्या दिवशी डॉक्टरीणबाई स्वतः येऊन उभी राहिली. पिशवी ह्यांच्या हातात देताना मला म्हणाली, "काकू, हात तुम्हीच ठेवा." मी ठेवला. ह्यांनी घरच्यासारखंच मला ढकललं. पिशवी ह्या वेळी वेडीवाकडी, धापा टाकत फुगली. कुणीही टाळ्या वाजवल्या नाहीत. ती मात्र म्हणाली, "हा खरा श्वास."

दुधाने तोंड पोळलं की ताकही फुंकून पितात. नुसत्या फुंकण्यावर ह्या वेळी कुणीच विश्वास ठेवणार नव्हतं, म्हणून तिने शौचाचीही तपासणी करून घेतली. दोन्हींची उत्तरं एकदम येणार होती. फोन आला तेव्हा मी भट्टीजवळ बरण्या घासत होते. ती म्हणाली, "काकू, दोन्हीकडे नाही. पाहुणा गेला." मी बरणी खाली ठेवली आणि तिथेच जमिनीवर बसून मोठ्याने रडले. भाऊजी घाबरून धावत आले. मी रडत रडतच त्यांना सांगितलं, तर तो एवढा मोठा माणूस ह्यांच्या गळ्यात पडून माझ्यापेक्षा मोठ्याने रडायला लागला. मध्ये हे उभे, म्हणाले, "काच गार होतेय."

महिन्याभराने दुर्बिणीने बघितलं, जखम भरली होती. मग शेवटच्या भेटीला घरून निघताना ह्यांनी कागदात गुंडाळलेलं काहीतरी पिशवीत घातलं. इस्पितळाच्या बाकावर मी ते उघडून बघितलं आणि माझ्या अंगावर काटाच आला. काचेचा एक बंद गोळा. पण कसा? एका बाजूला जाड, दुसरीकडे पातळ, मध्येच फुगीर, चक्क वाकडा!

"अहो, हे काय?" मी दबक्या आवाजात ओरडले. "डॉक्टरांना वाकडा गोळा देणार? मामंजी असते तर तुम्हाला भट्टीत घातलं असतं!"

"हा छातीतून फुंकलाय," हे म्हणाले.

मी गोळा परत कागदात गुंडाळला. आमच्या भट्टीच्या दारातून आजवर एकही वाकडी वस्तू बाहेर गेली नव्हती.

आत गेलो. ह्यांनी गोळा तिच्या टेबलावर ठेवला. तो सरळ राहीना, आपला एका अंगावर कलंडला. तिने तो उचलला, उजेडाकडे धरला आणि विचारलं, "काका, हे तर तुमच्या हातचं वाटत नाही?" ह्यांनी तिचा तळहात नजरेने दाखवला आणि मग आपल्या छातीवर हात ठेवला. तिला कळलं. तिने गोळा दोन्ही हातांत घट्ट धरला. मग नेहमीच्या आवाजात तिने विचारलं, "बरं, तब्येत कशी आहे?"

आणि सवयीने माझ्याकडे बघितलं. मी तोंड उघडलं. किती काय काय बोलायचं ठरवून आले होते, वाटेत रिक्षात मनाशी म्हणूनसुद्धा बघितलं होतं. पण माझ्या तोंडून, म्हणजे माझ्या तोंडून, एक शब्द फुटेल तर शपथ. नुसते डोळे वाहायला लागले.

तेव्हा हेच बोलले. म्हणाले, "आधी कधीच मस्त नव्हती, पोरी. आत्ता आहे. तुझ्यामुळे आहे."